रांजणाखालचं ऊन

प्रश्न खऱ्या कुतूहलाचा आहे की कुणी मुद्दाम पाठवलेला, हे केतकी वासावेला सहसा ऐकता ऐकताच कळायचं. दर रविवारी तिचा ‘विचारा इतिहासाला’ हा कार्यक्रम लागे आणि त्यासाठी आठवडाभर ध्वनिसंदेश येत राहत. खरे प्रश्न अघळपघळ असत. पेरूच्या वाळवंटातल्या त्या लांबलचक रेषा एकाच पिढीनं ओढल्या, की आजोबांनी सुरू केल्या आणि नातवांनी संपवल्या? इंग्लंडातले ते उभे दगड आधी आणले की त्यांचे खड्डे आधी खणले, आणि खणणाऱ्यांना जेवायला कोण घालायचं? चीनची भिंत बांधणाऱ्यांना सुट्टी असायची का हो? विचारता विचारता माणसं भरकटत, गावच्या विहिरीबद्दल सांगत, मागे कुणीतरी कुकरची शिट्टी झाल्याचं ओरडे.

या संदेशात तसलं काहीच नव्हतं.

“नमस्कार. मी कोकणातल्या एका शाळेत शिक्षक आहे. खारवलीच्या संग्रहालयातल्या परदेशी रांजणाच्या बुडाखालच्या मातीला शेवटचं ऊन कधी लागलं, हे ऊनघड्याळानं तपासलं आहे का? नसल्यास का नाही?”

केतकीनं संदेश पुन्हा लावला. आवाज स्वच्छ, मागे पंख्याचीसुद्धा घरघर नाही. पण तिला खटकलं ते दुसरंच. रांजणाच्या बुडाखाली माती आहे, हे या माणसाला कसं ठाऊक? संग्रहालयात रांजणाचा खालचा भाग लाकडी बैठकीत झाकलेला होता. पंचवीसेक वर्षांपूर्वी तो जमिनीतून काढताना खालच्या ढेकळासकट प्लास्टरमध्ये गुंडाळून उचलला होता, आणि ते ढेकूळ तसंच ठेवलं होतं. हे उत्खननावरच्या माणसांखेरीज कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. केतकीला माहीत होतं, कारण तेव्हा कॉलेजात पुरातत्त्व शिकणाऱ्या केतकीनंच ते प्लास्टर कालवलं होतं.

तिनं संदेशाच्या नंबरावर फोन लावला. “सर, तुमची शाळा कुठली?” एवढंच विचारलं आणि फोन बंद झाला. पुन्हा लागलाच नाही.

ऊनघड्याळ म्हणजे काय, हे एव्हाना शाळकरी मुलंही सांगत. वाळूचा कण म्हणजे गारगोटीचा स्फटिक. जमिनीत गाडला गेला की आजूबाजूच्या मातीतला अगदी मंद किरणोत्सर्ग त्याच्यावर सतत आदळत राहतो. त्या धक्क्यांनी स्फटिकातले इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि स्फटिकातल्या बारीकसारीक दोषांमध्ये अडकून बसतात. वर्षं जातात तसतसे ते साठत जातात. मग कधीतरी तो कण उघड्यावर येतो, ऊन लागतं, आणि सगळे अडकलेले इलेक्ट्रॉन सुटून जातात. पाटी कोरी. पुन्हा गाडला गेला की पुन्हा पहिल्यापासून साठवण सुरू. अंधारात अशा कणावर निळा प्रकाश टाकला तर तो क्षणभर उजळतो. जितका जास्त उजळेल तितकी वर्षं त्यानं सूर्य पाहिलेला नाही. हे तत्त्व जुनंच होतं. नवं होतं ते यंत्र: खांद्याला लावायच्या पिशवीत मावणारं, एकेक कण वेगळा तपासणारं, आणि स्फटिकातल्या भेसळीवरून तो कण कुठल्या मातीत पडून होता तेही सांगणारं.

या यंत्रानं जगभरातल्या कित्येक अडलेल्या प्रश्नांना वाट करून दिली आणि तितकीच माणसं एकमेकांच्या अंगावर घातली. कोणतं प्रार्थनास्थळ कुणाच्या आधीचं, कोणती कबर नंतर उकरली, शेजाऱ्यानं बांध कधी सरकवला, सगळं मातीला विचारता येऊ लागलं. यंत्र फक्त ‘कधी’ सांगे. ‘कोण’ आणि ‘का’ माणसं आपापल्या मनातून भरत.

खारवलीचा रांजण मात्र कुणी तपासला नव्हता. दोन कानांचा, टोकदार बुडाचा तो मद्याचा रांजण भूमध्य समुद्राकडचा होता यात शंका नव्हती. डॉ. रघुनंदन सबनीसांना तो एका प्राचीन घराच्या जमिनीत उभा पुरलेला सापडला, आणि खाडीकाठच्या या लहानशा गावात दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी व्यापारी घर करून राहत होते, असं त्यांनी जगाला सांगितलं. गाव संरक्षित स्थळ ठरलं. तिथे होऊ घातलेलं बंदर रद्द झालं. आता तीच बंदर कंपनी नव्या आराखड्यासह परत आली होती आणि जनसुनावणी तोंडावर होती.

केतकीनं सबनीस सरांना फोन केला. सर निवृत्तीनंतर रत्नागिरीत राहत होते. त्यांना नुकताच मोठा सन्मान जाहीर झाला होता.

“केतकी, काही प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा बघून घ्यायचे असतात,” सर म्हणाले. “याला उत्तर देऊ नकोस.”

“चेहरा नाहीच, सर. पण प्रश्न चुकीचा आहे का?”

“मी सांगतोय ना, देऊ नकोस.”

इतक्या वर्षांत सरांनी तिला एखादा प्रश्न विचारू नको असं कधी म्हटलं नव्हतं. संदेश ऐकून उठलेला संशय त्या माणसावर होता. फोन ठेवला तेव्हा तो सरांवर येऊन बसला होता.

दुसऱ्याच दिवशी ती परवानगी काढून, यंत्राची पिशवी खांद्याला लावून खारवलीला गेली. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत काळे पडदे ओढून, लाल दिव्याच्या उजेडात तिनं ढेकळाच्या मधोमध बारीक नळी खुपसली. प्लास्टर लावताना कडेच्या मातीला ऊन लागलं असणार; मधल्या मातीला लागण्याचा संभव नव्हता. मग बोटभर अंतरावरून, रांजणाच्या बाजूच्या मातीतूनही तिनं नमुना घेतला.

बाजूच्या मातीनं उत्तर दिलं: सुमारे एकोणीसशे वर्षं. बुडाखालच्या मातीनं उत्तर दिलं: पंचवीस.

तिनं यंत्र साफ करून पुन्हा मोजलं. उत्तर बदललं नाही. घर खरं होतं, थर खरा होता. रांजण मात्र त्यांच्या उत्खननाच्याच वर्षी कुणीतरी खड्डा करून तिथे उभा केला होता.

बाहेर सुगंधावहिनीची खानावळ होती. उत्खननाच्या छावणीत स्वयंपाक करणारी सुगंधा डोर्लेकर रांजणामुळे पर्यटक येऊ लागल्यावर संग्रहालयाच्या दारातच खानावळ थाटून बसली होती. “बाय, जेवून जा गो,” तिनं हाक मारली. केतकीनं ताट घेतलं आणि यंत्राची पिशवी बाकाखाली सरकवली. “मागच्या खोलीत काय शोधत व्हतीस?” वहिनीनं सहज विचारलं. की सहज नव्हतं? केतकीला आता काहीच सहज वाटत नव्हतं.

संध्याकाळी ती सरांच्या ओसरीवर होती.

“सर, रांजणाखालच्या मातीला ऊन लागलंय. आपल्या उत्खननाच्या वर्षी.”

सर समोरच्या फणसाकडे बघत म्हणाले, “म्हणजे मी पुरला.”

“मी तसं म्हटलं नाही.”

“पण तेच विचारायला आलीस.”

“हो. तुम्ही पुरलात का?”

“नाही.”

“आणि?”

“आणि काय? विचारलंस त्याचं उत्तर दिलं.”

परतीच्या रस्त्यात केतकीच्या डोक्यात ते ‘नाही’ घुमत राहिलं. सर खोटं बोलत नव्हते, याची तिला खात्री होती. पण विचारलं तेवढंच सांगायचं, वर एक शब्द नाही, असं उत्तर सर कधी देत नसत. साधी वेळ विचारली तरी घड्याळाचा इतिहास सांगणारा माणूस. मग विचारायचा राहिलेला प्रश्न कोणता?

गाडी घाटात असताना तिला आठवलं. इतक्या वर्षांत सरांनी रांजणाचे शेकडो फोटो छापले होते, पण आतला एकही नाही. आत कुणाला हात घालू दिला नव्हता. आतला थर नाजूक आहे, असं सांगत. तिनंही ते कधी तपासून पाहिलं नव्हतं.

सकाळी तिनं तारेच्या टोकाला बसवलेला कॅमेरा रांजणाच्या गळ्यातून आत सोडला. पोट स्वच्छ होतं. कुणीतरी ते घासलं होतं. घासल्याचे ओरखडे दिसत होते. पण खांद्याच्या आतल्या वळणात, जिथे हात पोचणं कठीण, तिथे पांढऱ्या चुनखडी नळ्यांची वेटोळी चिकटलेली होती. शिंपल्यांवर, होडीच्या बुडाला दिसतात तसली. समुद्रातल्या बारीक किड्यांची घरं. घराच्या जमिनीत पुरलेल्या रांजणात ती कधीच होणार नव्हती.

म्हणजे हा रांजण समुद्राच्या तळातून आलेला होता.

केतकी खुर्चीत बसली आणि ते वर्ष तिनं मनात उलगडून पाहिलं. शिमग्याला उत्खनन बंद होतं. विद्यार्थी घरी गेले होते. खड्ड्यांवर गावाचीच राखण होती. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात रांजण सापडला होता. समुद्रातला रांजण, म्हणजे जाळं. जाळं, म्हणजे खाडीच्या तोंडापलीकडे जाणारी होडी. तेव्हा गावात तशा होड्या मोजक्याच होत्या, आणि त्यातली एक सुगंधावहिनीच्या नवऱ्याची होती. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

खानावळीत दुपारची गर्दी ओसरल्यावर केतकीनं फोनमधला फोटो वहिनीसमोर धरला.

सुगंधानं ओले हात पदराला पुसले. फोटो नीट पाहिला. तिचा चेहरा आधी कठीण झाला, मग एकदम थकला.

“हात आत जाईना,” ती म्हणाली. “घासून घासून माझी नखं गेली तेव्हा.”

“वहिनी, कुठून आणला होता?”

“आणला कशाला? जाळ्यात आला. खाडीच्या तोंडाशी जाळं अडकलं, यांनी ओढलं तर हा निघाला. आमी मागीलदारी ठेवलेला. मीठ भरायची मी त्यात.” ती बाकावर टेकली. “मग नोटिसा आल्या. गाव उठवणार, बंदर होणार. तुमचे सर खणत व्हते, पण मिळत काय व्हतं? खापऱ्या नि जळक्या विटा. एक दिवस जेवताना सर म्हणाले, एखादी परदेशी वस्तू हाताला लागली असती ना, तर या गावाला कुणी बोट लावलं नसतं. मी वाढत व्हते.”

“ते कुणाशी बोलत होते?”

“माझ्याकडं बघत नव्हते. पण बोलले मोठ्यानं. मला ऐकू जावं म्हणून बोलले की उगाच, ते मला आजवर कळलं नाय. शिमग्याला भर दुपारी आमी दोघांनी तो पुरला. मी इचारलं नाय, त्यांनी सांगितलं नाय.”

“आता मी हे सांगितलं तर?”

“तर काय? गाव जाईल. माझी शोभा होईल ती वेगळीच.” तिनं केतकीकडे रोखून पाहिलं. “तू सांगणार. तुझ्या तोंडावर दिसतंय.”

केतकीनं तिथूनच सरांना फोन लावला. आता तिच्याकडे प्रश्न होता.

“सर, तुम्हाला कधी कळलं?”

सर म्हणाले, “दुसऱ्या दिवशी. नळ्या दिसल्या.”

“मग?”

“मग मी आत बघणं बंद केलं. मला माहिती नव्हती, केतकी, संशय होता. माहिती असती तर बोलावं लागलं असतं. म्हणून मी तो संशयच जपला. आधी गावासाठी. नंतर... नंतर माझ्यासाठीही.”

“आणि जेवताना ते जे बोललात, ते वहिनीला ऐकू जावं म्हणून?”



“याचं उत्तर मी स्वतःला वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं दिलेलं आहे,” सर म्हणाले.

सुनावणी शाळेच्या पटांगणात मांडव घालून झाली. जिल्ह्याच्या अधिकारी बाई समोर बसल्या होत्या. कंपनीच्या बाजूला एक शांत, नीटनेटका गृहस्थ होता. तो उठून म्हणाला, “मॅडम, आम्हाला फक्त सत्य हवं आहे,” आणि केतकीनं चमकून मान वळवली. पंख्याची घरघर नसलेला तोच आवाज. कोकणातल्या शाळेतला शिक्षक.

तिनं माईक घेतला. बुडाखालच्या मातीचं वय सांगितलं. रांजण त्या घरातला नाही, तो मागाहून पुरला गेला, हे सांगितलं. मांडवात गलका उठला. मागून कुणीतरी तिला शिवी दिली. कंपनीचा गृहस्थ खुर्चीत रेलून बसला.

“आता हा प्रश्न मला कुणी विचारला तेही सांगते,” केतकी म्हणाली. “हे समोर बसलेत, त्यांनी. शिक्षक म्हणून. साहेब, ढेकळाबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं?”

गृहस्थ हसला. “तुमच्या उत्खननाचे फोटोग्राफर सध्या आमचे सल्लागार आहेत. त्यात बेकायदा काय आहे?”

“काहीच नाही. पण तुम्ही अर्धाच प्रश्न विचारलात. रांजण तिथला नाही, मग कुठला?” तिनं पडद्यावर आतल्या नळ्या दाखवल्या. “हा समुद्रतळावर शेकडो वर्षं पडून होता. खाडीच्या तोंडाशी तो जाळ्यात आला. तुमच्या आराखड्यात गाळ उपसायचा आहे तो नेमका तिथेच. खाली बुडालेलं जहाज असेल किंवा नसेल. मला माहीत नाही. पण ते पाहिल्याशिवाय तिथे यंत्र लावलं, तर नंतर कुणालाच कधी कळणार नाही.”

“पुन्हा एक गोष्ट,” गृहस्थ म्हणाला. “पुरावा?”

“तोच शोधायची परवानगी मागतेय.”

तिनं कुणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. जाळ्याचा उल्लेख होताच मांडवातल्या अर्ध्या माना सुगंधाकडे वळल्या होत्या. सुगंधा पदर सावरून ताठ बसून राहिली, आणि सभा संपल्यावर केतकीकडे न बघता तिच्या समोरून निघून गेली.

अधिकारी बाईंनी पावसाळ्यानंतर खाडीचा तळ तपासायचा आदेश दिला. गाळ उपसण्याचं काम तोपर्यंत थांबलं, फक्त तोपर्यंत. सरांनी सन्मान नाकारल्याची बातमी आली, कारण ‘वैयक्तिक’ दिलं होतं. त्यांनी केतकीला फोन केला नाही, तिनंही केला नाही. खारवलीत तिला कुणी पाणी विचारेना. पर्यटक कमी झाले, खानावळीचे बाक रिकामे राहू लागले. कंपनीनं पैसे दिले म्हणूनच तिनं तोंड उघडलं, असं गावात बोललं जाई, आणि गावानं तिला विकत घेतलं, असं कंपनीचे लोक म्हणत. आपणही सगळ्यांना असंच मोजत आलो, हे तिच्या लक्षात येई आणि ते तिला अजिबात आवडत नसे.

नवरात्र सरल्यावर तपासणीची होडी आली. जागा दाखवणारं माणूस एकच उरलं होतं. सुगंधा बोलावल्याशिवाय धक्क्यावर येऊन उभी राहिली आणि कुणाचा हात न धरता होडीत चढली.

खाडीच्या तोंडाशी, दोन डोंगरांची टोकं एका रेषेत आली तिथे तिनं बोट दाखवलं. “इथं. हे नेहमी सांगायचे, इथलं जाळं फाटतं.”

केतकीनं माणसांना लांब काळी नळी तळात उतरवायला सांगितलं. आणि लगेच, जरा लांबची एक जागा दाखवून म्हणाली, “दुसरी नळी तिकडे टाका. तिसरी त्या बाजूला.”

सुगंधानं तिच्याकडे पाहिलं. “माझ्यावर भरवसा नाय ना?”

केतकीनं खोटं बोलायचं टाळलं. “नाही, वहिनी.”

“बरं केलंस.” सुगंधा होडीच्या काठाला टेकली. सुनावणीनंतर ती पहिल्यांदाच केतकीशी बोलत होती. “त्या वेळी तुझ्या सरांनी असंच इचारलं असतं, सुगंधे, हा खरंच इथला काय, तर मी खोटं बोलूच शकले नसते. खरं सांगायची माझी तयारी व्हती. पण ते काय बोललेच नाय. नुसते खूश झाले. मग इतकी वर्षं मी रोज त्या रांजणाच्या दारात भाजी चिरत बसले.”

पहिली नळी शेवटच्या हातभर अंतरात कशावर तरी करकरली. माणसं थांबली. नळीला ऊन लागू नये म्हणून केतकी काळं कापड शोधू लागली, तोवर सुगंधानं आपला पदर सोडून वर येणाऱ्या नळीच्या तोंडावर धरला होता.

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत, लाल उजेडात ती नळी उघडली. केतकीनं सुगंधाला आत बसवून घेतलं होतं, कंपनीचा सल्लागार झालेल्या त्या फोटोग्राफरलाही, साक्षीला. दुसऱ्या दोन नळ्यांमध्ये नुसता चिखल निघाला. पहिलीच्या तळाशी, राखाडी गाळात, तांबूस मातीचा एक वक्र तुकडा होता, काठाशी तुटलेला, जाड. त्याच्यावर तसल्याच पांढऱ्या नळ्या चिकटल्या होत्या. आसपासच्या वाळूनं उत्तर दिलं: एकोणीसशे वर्षं, थोडी इकडे, थोडी तिकडे. आणि रांजणाच्या आतल्या नळ्यांमध्ये अडकलेले कण याच गाळाचे होते.

फोटोग्राफर बाहेर गेला. सुगंधानं त्या तुकड्याला हात लावला नाही. ती दारातल्या पडद्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “मग आमी खोटं बोललो नसतो तरी चाललं असतं.”



केतकीनं सरांना फोन लावला. कित्येक महिन्यांनी. काय सापडलं ते सांगितलं आणि थांबली. सर खूश होतील असं तिला वाटलं होतं. निदान हायसं वाटल्याचा एक सुस्कारा तरी.

“नळी तळात कुणी उतरवली?” सरांनी विचारलं.

“तपासणीच्या माणसांनी. मी समोर होते.”

“बंद कुणी केली? सील कुणाच्या हातचं आहे? होडीत आणखी कोण होतं? त्यांतल्या कुणाला हा तुकडा मिळावा असं वाटत होतं?”

“मला, सर,” केतकी म्हणाली. “आणि सुगंधावहिनीला.”

“मग आधी तुम्हा दोघींपासून सुरुवात करू,” सर म्हणाले. “मी उद्याच्या पहिल्या गाडीनं येतो. तोवर त्याला हात लावू नकोस.”